रस्त्यांची जोडणी आणि नागरी विस्तार (पुणे)

शहरातील रस्ते एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्यास किती थेट आणि किती पर्यायी वाटा देतात, यावर त्यांची जोडणी ठरते. शहराच्या कडेने तुटक वस्ती पसरत गेली की ही जोडणी कशी क्षीण होते, याचे पुणे हे बोलके उदाहरण आहे.

मोजमापासाठी रस्त्यांच्या तुकड्यांची (म्हणजे लगतच्या दोन चौकांमधील, किंवा चौक ते बंद टोक एवढ्या भागांची) संख्या आणि चौक व बंद टोके मिळून होणारी संख्या यांचे गुणोत्तर काढतात. मोठ्या चौकटबंद (उभ्या-आडव्या रस्त्यांच्या जाळीसारख्या) आराखड्यात ते २ च्या जवळ जाते. एकाच मुख्य रस्त्याला फांद्यांसारख्या गल्ल्या फुटल्या असतील, तर १ च्या किंचित खाली राहते. सुमारे १.४ हे प्रमाण पुरेसे मानण्याचा प्रघात आहे. मात्र या मापाला अंतर दिसत नाही. तीच चौकट तिप्पट ताणली तरी गुणोत्तर तेवढेच राहते आणि पायी जाणाऱ्याचा फेरा मात्र तिप्पट होतो. म्हणून दर चौ. किमी. क्षेत्रातील चौकांची संख्या हे माप अधिक भरवशाचे ठरते.

पुण्याच्या पेठा मुळातच आखून वसवल्या की वस्तीबरोबर घडत गेल्या, हा वादाचा मुद्दा आहे. कसबा हा सर्वांत जुना भाग होय. रविवार आणि शनिवार या पेठा पूर्वी अनुक्रमे मलकापूर व मुर्तझाबाद या नावांनी ओळखल्या जात, तर सदाशिव, नारायण इत्यादी पेठा अठराव्या शतकात, पेशवेकाळात वसल्या. हे पाहता टप्प्याटप्प्याने झालेली आखणी हेच मत अधिक ग्राह्य वाटते. पेठांत बंद बोळही आहेत. तरी चौक जवळजवळ असल्याने एक वाट अडली की दुसरी सापडते.

१९९७, २०१७ आणि २०२१ मध्ये महापालिकेत आलेल्या गावांत चित्र वेगळे आहे. तेथील अनेक रस्ते जुन्या पाणंदी आणि गावशिवेवरून गेले, आणि शेतजमिनीवरील बांधकाम एकेका गटावर (जमिनीच्या स्वतंत्र नोंदलेल्या तुकड्यावर) सुटेसुटे झाल्यामुळे गटाची हद्द आली की रस्ता संपतो. भिंतीला भिंत लागून असलेल्या दोन सोसायट्यांतील रहिवाशांना एकमेकांकडे जाण्यासाठी मुख्य रस्त्यावर येऊन वळसा घालावा लागतो. वाघोलीची बहुतांश रहदारी म्हणूनच नगर रस्त्यावर येते. विकास आराखड्यातील रस्त्याचा मधला तुकडा भूसंपादनाअभावी राहिला, तर त्याला स्थानिक व्यवहारात ‘मिसिंग लिंक’ म्हणतात.

१९१५ च्या मुंबई नगररचना कायद्याने जमिनी एकत्र करून, आधी रस्ते आखून मग भूखंड परत देण्याची पद्धत घालून दिली होती. भांबुर्डा, म्हणजे आजचे शिवाजीनगर, येथे अशी योजना राबवली गेली. माण-म्हाळुंगे परिसरासाठी पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने हीच पद्धत पुन्हा हाती घेतली आहे.