अधरांगघात आणि उभे राहण्याची मात्रा

विहिरीचे काम करताना खाली कोसळणे, चिंचेच्या किंवा आंब्याच्या झाडावरून पडणे, भरलेली बंडी अंगावर उलटणे, रात्रीच्या रस्त्यावर दुचाकी घसरणे. विदर्भातील खेड्यांत मणक्याला इजा होते ती बहुधा अशा प्रसंगांत, आणि मणक्याचा क्षयरोग त्यात भर घालतो. छातीच्या किंवा कमरेच्या पातळीवर मज्जारज्जू दुखावला, तर पायांची हालचाल, संवेदना आणि लघवी-शौचावरील ताबा कमी होतो किंवा पूर्ण जातो. यालाच पॅराप्लेजिया किंवा अधरांगघात म्हणतात. असा रुग्ण दवाखान्यातून घरी येतो तो खाटेवर आणि पुढे व्हीलचेअरवर. त्याने उभे राहावे, असे घरात सहसा कोणाच्या मनात येत नाही, कारण चालताच येत नसेल तर उभे राहून करायचे काय, हा प्रश्न वरवर रास्त वाटतो. शरीराच्या दृष्टीने मात्र उभे राहण्याचे स्वतःचे असे काही उपयोग आहेत आणि त्यांचा चालण्याशी संबंध नाही.

अशा रुग्णाला बसल्या जागेवरून उभे करणारी स्टँडिंग व्हीलचेअर एरवी साध्या व्हीलचेअरसारखीच चालते. दांडा ओढला, किंवा मोटार असलेल्या खुर्चीचे बटण दाबले, की बैठक आणि पाठ मिळून सरळ होत जातात. गुडघ्यांसमोरचा मऊ आधार गुडघे दुमडू देत नाही आणि छातीवरचा पट्टा धड पुढे झुकू देत नाही. पायांचे स्नायू काही करत नसले तरी शरीराचे वजन हाडांमधून तळपायांपर्यंत पोहोचते. आयआयटी मद्रासमधील सुजाता श्रीनिवासन यांच्या गटाने विकसित केलेली ‘अराइज’ ही हाताने चालणारी खुर्ची २०१९ मध्ये बाजारात आली तेव्हा तिची किंमत सुमारे १५,००० रुपये होती. परदेशी खुर्च्यांच्या किमती लाखांत असताना ही घट मोठीच म्हणावी लागेल.

सर्वांत सहज समजणारा लाभ त्वचेचा आहे. बसलेल्या माणसाचे बरेचसे वजन नितंबांखालच्या दोन हाडांच्या टोकांवर येते आणि तेथील बारीक रक्तवाहिन्या दाबल्या जातात. संवेदना शाबूत असलेला माणूस नकळत बूड हलवतो. अधरांगघात झालेल्याला ती सूचनाच मिळत नाही, रक्ताविना मांस मरू लागते आणि जखम दिसेपर्यंत आत पोकळी झालेली असते. इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात १९४४ मध्ये मज्जारज्जूच्या रुग्णांसाठी विभाग सुरू करणाऱ्या लुडविग गुटमन यांनी दर दोन तासांनी कूस बदलण्याचा आग्रह धरला, तो याच कारणाने. उभे राहिल्यावर या दोन हाडांवरचा भार हटतो. मात्र दिवसातून एकदा उभे राहिले म्हणजे दर १५ ते ३० मिनिटांनी हातांवर जोर देऊन किंवा पुढे झुकून दाब सोडवण्याची गरज संपली, असे मुळीच नाही. शिवाय खुर्ची उठताना पाठ आणि मांड्या गादीवर घासतात व गुडघ्यांवर नवा दाब येतो. त्यामुळे बसल्यावर त्या जागा आरशात किंवा घरच्यांकडून पाहून घेणे आवश्यक ठरते.

सतत बसून राहिल्याने कंबर, गुडघे आणि घोटे वाकलेल्या स्थितीतच आखडतात. उभे राहताना ते एकाच वेळी ताणले जातात आणि पायांना येणारे झटकेही अनेकांच्या बाबतीत कमी होतात, जरी हा परिणाम काही तासांचाच असला. पोट साफ होणे आणि लघवीचा निचरा सुधारल्याचे अनेक रुग्ण सांगतात. तरीही ठरावीक वेळी नळीने लघवी काढण्याला उभे राहणे हा पर्याय नाही.

हाडांबाबत मात्र विक्रेत्यांचे दावे सावधपणे ऐकावेत. पायांच्या हाडांची झीज इजेनंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत सर्वाधिक वेगाने होते, विशेषतः गुडघ्याच्या आसपास. लवकर आणि नियमित उभे राहिल्यास ती मंदावू शकते, असे काही अभ्यास सुचवतात, काहींना फारसा फरक आढळलेला नाही. गेलेले हाड नुसत्या उभे राहण्याने परत येते, याला भक्कम आधार नाही. वर्षानुवर्षे खाटेवर असलेल्या रुग्णाला एकदम उभे केले, तर ठिसूळ हाड मोडू शकते आणि वेदना नसल्याने ते केवळ सुजेवरून कळते. म्हणून आधी हाडांची तपासणी आणि मगच खुर्ची, हा क्रम मोडू नये.

मात्राही हळूहळू वाढवावी लागते. पायांचे स्नायू रक्त वर ढकलत नसल्याने पहिल्या दिवसांत रक्तदाब उतरून चक्कर येते. यासाठी आधी थोड्या कोनात, काही मिनिटे, आणि सवय झाल्यावर दिवसाला अर्धा ते एक तास, आठवड्यातून बहुतेक दिवस, असे नियोजन फिजिओथेरपिस्ट करतात. विदर्भाच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा हा धोका वाढतो. वारंवार नळी घालावी लागू नये म्हणून अनेक रुग्ण पाणीच कमी पितात. त्याने रक्तदाब आणखी उतरतो आणि लघवीचा संसर्गही बळावतो. इजा छातीच्या वरच्या भागात असेल तर तिच्या खालच्या अंगाला नीट घामही येत नाही. अंगणात उन्हात तापलेल्या खुर्चीचा लोखंडी भाग मांडीला भाजतो, तरी कळत नाही. मे महिन्यात उभे राहायचे ते सकाळी, सावलीत आणि पुरेसे पाणी पिऊन.

काळ्या मातीच्या वावरात या खुर्चीचा उपयोग नाही, आणि शेणाने सारवलेल्या उंचसखल जमिनीवर ती उभी करणे धोक्याचे आहे. चाकांना ब्रेक लावून सपाट फरशीवरच उभे राहावे. पानठेला किंवा किराणा दुकान चालवणाऱ्याला वरच्या फळीपर्यंत हात पोहोचणे हा लाभ वैद्यकीय तक्त्यात बसत नाही, पण खुर्ची रोज वापरली जाते की कोपऱ्यात पडते, हे बरेचदा त्यावरच ठरते. खरेदीपूर्वी नागपूर किंवा सेवाग्रामसारख्या ठिकाणच्या मोठ्या रुग्णालयात मांडी आणि नडगीची लांबी मोजून घ्यावी, कारण गुडघ्याचा आधार वाटीवर न येता तिच्या किंचित खाली, नडगीच्या वरच्या भागावर बसावा लागतो, आणि दुसऱ्याच्या मापाच्या खुर्चीत तो तेथे येत नाही.