भट्टीतलं विरजण

परवा ढोरांच्या दवाखान्यात गाय घेऊन गेलो होतो. डॉक्टरांनी नायट्रोजनच्या कॅनमधून वीर्याची कांडी बाहेर काढली, तोंडाशी पांढरी वाफ पसरली आणि सोबतच्या पोट्ट्यानं विचारलं, "काका, हे थंड किती असते?" उणे १९६ अंश! बाहेर ४५ चं ऊन अन् आत हे. तवापासून डोक्यात तो काळा दगड घोळतोय, जो याच नायट्रोजनात बुडवला की लोहचुंबकावर अधांतरी तरंगतो.

तो दगड म्हणजे १९८७ मध्ये सापडलेलं यिट्रियम (एक धातू), बेरियम, तांबं आणि ऑक्सिजनचं संयुग, साधारण उणे १८१ च्या खाली गेलं की विजेला रोध शून्य, म्हणजेच अतिवाहक. पण नुसती पावडर दाबून भाजली तर त्यात बारीक बारीक कण राहतात आणि पाटाचं पाणी जसं प्रत्येक धुऱ्याला अडते तशी वीज कणाकणाच्या सीमेवर अडते, म्हणून अख्खी चकती एकच स्फटिक पाहिजे.

तो करायचा विरजण लावून. चकतीवर छोटासा बीजस्फटिक ठेवतात, त्यात यिट्रियमच्या जागी समेरियम असते, रचना जवळपास तीच पण वितळायला चाळीस-पन्नास अंश जास्त लागतात, म्हणजे दूध उकळलं तरी विरजण मरत नाही असं समजा. १०१० अंशांच्या वर काळी चकती दूध फाटावं तशी फुटते, हिरवे घन कण वेगळे अन् पातळ द्रव वेगळा. मग तासाला एखादा अंश, कधी त्याहूनही कमी, असं थंड करत जायचं, हिरव्या कणांतलं यिट्रियम द्रवात विरघळत बीजापर्यंत पोचते आणि थरावर थर चढतो. घाई केली की दुसरीकडंच स्फटिक धरतो आणि सगळं वाया. दोनचार दिवसांनी बीजापासून काठापर्यंत चार रेषांची फुली उमटली की समजायचं, एकच स्फटिक आहे.



आणि एवढं करूनही तो अजून अतिवाहक नसतो! त्यात ऑक्सिजन कमी असते, म्हणून ४००-५०० अंशांवर ऑक्सिजनमध्ये आठवडाभर, मोठा असला तर अजून जास्त ठेवावा लागतो. अशाच जातीच्या, यिट्रियमऐवजी गॅडोलिनियमच्या, केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी केलेल्या जेमतेम इंचभर दोन चकत्यांनी २०१४ मध्ये उणे २४७ अंशांवर १७.६ टेस्ला चुंबकक्षेत्र धरून ठेवलं.

डॉक्टर थर्मासभर नायट्रोजन द्यायला तयार आहेत. चकती मिळाली की गावच्या शाळेत पोट्ट्यांना तरंगवून दाखवतो.