दुनळी रायफल अन् तो तिसरा बोल्ट

ग्वाल्हेरात शिकारीच्या गप्पा निघाल्या की कुणीतरी ठासून सांगतंच, वर ग्रीनर या इंग्रज बंदूककाराचा आडवा बोल्ट (मिटलेल्या नळ्या धरून ठेवणारी खीळ) नाही ती दुनळी रायफल कच्ची, बार काढला की उघडणार. अहो असं काही नसतं! पर्डी या लंडनच्या बंदूककाराचा 1863 चा खालचा डबल बोल्ट नळ्यांखालच्या खाचांत बसतो, फिटिंग चोख असलं की तेवढा पुरतो. खरा ताण फ्रेमच्या कोपऱ्यावर, म्हणजे नळ्यांखालची पट्टी न् मागची उभी भिंत जुळते तिथं, कारण काडतूस मागं रेटतं, नळ्या पुढं जायला बघतात आणि खालची पट्टी किंचित वाकते, म्हणून तिथली जाडी न् कोपऱ्याची गोलाई बघायची. वरचा तिसरा बोल्ट घट्ट टेकत असेल तरच थोडी मदत करतो, नाहीतर नुसती शोभा. रायफल रिकामी करून, फोरएंड (नळ्यांखालचा पुढचा लाकडी भाग) काढून नळ्या हलवा, खुळखुळल्या तर बोल्ट तीन असोत नाहीतर चार, आधी गनस्मिथकडे न्या.