वापसा आला की सायकल काढू: नाथसागराच्या काठची ग्रॅव्हल राइड

ग्रॅव्हल राइडला, म्हणजे कच्च्या वाटांवरच्या सायकलफेरीला, येणाऱ्यांसाठी माहितीपत्रक

फोनवर पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो, "सपाटच आहे ना सगळं? मग सोपं जाईल." नाथसागराच्या काठाला चढ नाही, हे खरं. पण चढ नाही म्हणजे उतारही नाही. घाटात माणूस उतारावर पाय मोकळे करतो, पाणी पितो. इथे 50 किलोमीटर पाय सतत फिरत राहतात, बैठक एकाच जागी राहते आणि आडोशाला झाडही नसतं. म्हणून येण्याआधी हे पत्रक शांतपणे वाचा.

जायकवाडी धरणाची पायाभरणी 1965 मध्ये झाली आणि 1976 मध्ये ते पूर्ण झालं. पैठणला गोदावरी अडली आणि मागे जो फुगवटा तयार झाला, तोच आपला नाथसागर. लांबी सुमारे 55 किलोमीटर, रुंदी जास्तीत जास्त 27 किलोमीटरच्या आसपास. पसारा एवढा, पण पाणी उथळ. त्यामुळे पातळी थोडी जरी उतरली, तरी काठाला मोठा पट्टा उघडा पडतो. दिवाळीत जिथे पाणी असतं, तिथे फेब्रुवारीत सायकल चालते. आपण ढोरकीन गावाच्या पुढे पैठणचा डांबरी रस्ता सोडून पश्चिमेला वळतो. आधी मुरमाचा शिवरस्ता, मग पाणंद (शेतांमधली अरुंद वाट), आणि शेवटी काठाची गाडीवाट. धरणाची भिंत आणि दरवाजांचा भाग आपल्या मार्गात नाही.

माती

या पत्रकातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हा आहे.

आपली काळी माती कोरडी असेल तर सिमेंटसारखी टणक. ओली झाली की तिचे अतिबारीक, पापुद्र्यासारखे कण पाणी धरून फुगतात आणि लोखंड, रबर, बूट, काही सोडत नाहीत. मुरूम तसा नाही. त्यातून पाणी खाली निघून जातं, पाऊस थांबल्यावर काही तासांत त्यावर चाक चालतं. काळ्या रानात मात्र तीन-चार दिवसही लागतात.

चार वर्षांपूर्वी डिसेंबरात अवकाळी पडून गेला आणि दुसऱ्याच दिवशी आम्ही राइड काढली. वरून जमीन सुकलेली दिसत होती, पापुद्रा पांढरट पडला होता. त्याखाली माती लोण्यासारखी होती. दोनशे पावलांत मागच्या चाकावर चिखलाचा थर चढला, त्यात वाळलेलं गवत आणि तुराट्यांचा चुरा मिसळला, आणि चाक फ्रेमच्या दोन दांड्यांमध्ये गच्च बसलं. एका ग्राहकाने जोर लावून पेडल मारलं. गिअर बदलणारा डिरेलर ज्या छोट्या पट्टीवर बसतो, तो हँगर वाकला, डिरेलर स्पोकमध्ये गेला आणि तुटला. तिथून मुरमापर्यंत आठही जणांनी सायकली खांद्यावर आणल्या. पंधरा किलोची सायकल चिखलासकट किती जड होते, ते त्या दिवशी कळलं. हरभऱ्यात काम करणाऱ्या एका काकांनी खुरपं दिलं, स्वतः बसून चाकातला चिखल काढू लागले आणि म्हणाले, "वापसा तर येऊ द्यायचा की, बाबांनो."

तेव्हापासून आमचा नियम तोच. वापसा म्हणजे जास्तीची ओल जाऊन माती मोकळी होणं. पेरणीला जो वापसा लागतो, तोच राइडलाही लागतो. परीक्षा तुम्हीही घरी करून बघा. चार बोटं खालची माती मुठीत घेऊन गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. फुटून पसरला तर वापसा आहे. चपटा होऊन तसाच बसला, तर सायकल घरीच ठेवा.

ही अडचण फक्त आपल्याकडची नाही. अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये 2006 पासून होत आलेली, आता अनबाऊंड ग्रॅव्हल नावाने ओळखली जाणारी मोठी शर्यत आहे. 2023 मध्ये तिथे सुरुवातीच्याच टप्प्यात असा चिकट चिखल लागला आणि जगातले नावाजलेले स्पर्धकही सायकल खांद्यावर घेऊन चालले. चिखलात ताकद लावून कुणी जिंकत नाही. चाक जड लागलं की लगेच उतरा, काडीने चिखल काढा, मगच पुढे. लाकडी काडी किंवा जुना चमचा खिशात ठेवाच.

टायर आणि हवा

टायर किमान 40 मिलिमीटरचा हवा, 45 उत्तम. टायर आणि फ्रेम यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना करंगळी सहज जाईल एवढी जागा असावी. रोड सायकल या राइडला चालत नाही. चांगली एमटीबी (माउंटन बाइक) असेल तर खुशाल आणा, वेग थोडा कमी राहील एवढंच.

हवा भरण्याची आपल्याकडची सवय म्हणजे अंगठ्याने दाबून दगडासारखं लागेपर्यंत. ग्रॅव्हलला ते चालत नाही. 70 किलोच्या माणसाला 45 मिलिमीटरच्या ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेल्या) टायरमध्ये साधारण 30 ते 35 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) पुरते. ट्यूब असेल तर 40 च्या आसपास ठेवा, नाहीतर दगडावर ट्यूब रिममध्ये चिमटते. निघण्याआधी आम्ही प्रत्येकाची हवा गेज लावून बघतो.

पंक्चर दोनच गोष्टींनी होतं: वेडी बाभूळ आणि सराटा. सराट्याचे काटे पाणंदीत गवताखाली दिसतही नाहीत. ट्यूबलेसमध्ये सीलंट (भोक बुजवणारा द्रव) असेल तर काटा काढा, भोक खाली येईल असं चाक फिरवा आणि अर्धा मिनिट थांबा, बहुतेक वेळा बुजतं. ट्यूब बदलत असाल तर आधी टायरच्या आतून हळू बोट फिरवा. अडकलेला काटा राहिला तर नवी ट्यूबही दहा मिनिटांत जाते.

वारा

पहाटे पाणी आरशासारखं असतं. दहानंतर वारा उठतो आणि उघड्या पात्रात त्याला अडवायला काहीच नसतं. वेग दुप्पट झाला की हवेचा रेटा चौपट होतो, म्हणून वाऱ्याच्या तोंडी जिद्दीने वेग धरू नका. हलका गिअर घ्या, रांगेत चला, पुढच्याने दोन-तीन मिनिटांनी मागे यावं. दर दहा मिनिटांनी पेडलवर उभं राहून बैठक आणि हात मोकळे करा. निघतो सहाला, साडेदहाच्या आत परत मुरमावर असतो. हंगाम डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेर. मार्चनंतर माती छान असते, पण ऊन झेपत नाही.

पक्षी आणि गाळपेर

1986 पासून हे पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब इथे हरभऱ्याच्या कडेला चरताना दिसतात, चक्रवाकांच्या जोड्या दिसतात, उथळ पाण्यात रोहित आणि शेकाटे. थवा एकदा उठला की त्यांची खाण्याची वेळ वाया जाते आणि पुढच्या मोठ्या प्रवासाची त्यांची साठवण त्या खाण्यावरच चालते. म्हणून पाण्यापासून शंभर पावलं लांब थांबायचं, स्पीकर नाही, ड्रोन नाही. फोटोसाठी थव्यात सायकल घालणाऱ्या माणसाला आम्ही पुन्हा नेत नाही.

आणि एक गोष्ट मनापासून सांगतो. पाणी हटल्यावर मोकळी दिसणारी ती जमीन रिकामी नसते. तिथे गाळपेर होते, म्हणजे ओलीवर हरभरा, गहू टाकलेला असतो. कोंब दोन बोटांचे असताना ते गवतासारखे दिसतात. गाडीवाट सोडायची नाही. समोरून बैलगाडी किंवा ट्रॅक्टर आला की आपण उतरून बाजूला व्हायचं, रामराम घालायचा.

समुद्रकाठी जाणार असाल तर

इथे सराव करून काही जण वसई-पालघरकडच्या मिठागरांत, कच्छच्या छोट्या रणात जातात. आपलीच गोदावरी जिथे समुद्राला मिळते, त्या काकीनाड्याजवळच्या कोरिंगाच्या खारफुटीकडेही जाता येईल. तिथे सपाटी हीच, पण दोन गोष्टी वेगळ्या. भरती साधारण 12 तास 25 मिनिटांनी येते आणि रोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते, अमावास्या-पौर्णिमेला पाणी जास्त चढतं. सकाळी कोरडी असलेली खाजणाची (भरतीचं पाणी शिरणाऱ्या दलदलीची) वाट परतताना पाण्याखाली असू शकते, म्हणून वेळापत्रक बघितल्याशिवाय आत शिरू नका. दुसरं म्हणजे मीठ. त्याच संध्याकाळी सायकल गोड्या पाण्याने धुवा, चेन पुसून तेल द्या, सीटपोस्ट काढून ग्रीस लावा. प्रेशरचं पाणी हब (चाकाचा मध्य) आणि बीबीवर (पेडलच्या दांड्या फिरतात तो सांधा) मारू नका, ते आत ग्रीसमध्ये शिरतं.

सोबत काय

हेल्मेट सक्तीचं. दोन लिटर पाणी, दोन ट्यूब, तुमच्याच सायकलला बसणारा एक हँगर (नसेल तर आठवडाभर आधी सांगा, मागवून ठेवतो), पूर्ण बाह्यांचा शर्ट. पंप, चेन तोडायचं हत्यार, प्रथमोपचार पेटी आमच्याकडे. परतल्यावर भाकरी, पिठलं, ठेचा एका शेतकरी कुटुंबाकडे, त्याचे पैसे शुल्कातच धरले आहेत.

आदल्या दिवशी दुपारी आमच्यापैकी एक जण काठावर जाऊन मातीचा गोळा टाकून बघतो. त्या गोळ्याचा फोटो संध्याकाळी सातपर्यंत ग्रुपवर येतो. फुटलेला असेल तर पहाटे सहाला ढोरकीनला भेटू. न फुटलेला असेल तर राइड होणार नाही. तुम्ही पुढची तारीख घ्या किंवा पूर्ण पैसे परत घ्या.