बोलतोय म्हणजे श्वास चालू आहे?

"ओरडतोय ना? मग श्वासही घेतोय." संशयिताला जमिनीवर दाबून धरताना हा समज वर्षानुवर्षं चालत आला आहे. अमेरिकेतल्या मिनियापोलिसमध्ये २५ मे २०२० रोजी पोलिसांनी जमिनीवर दाबून धरलेला आणि त्यातच जीव गेलेला जॉर्ज फ्लॉइड "श्वास घेता येत नाही" असं २० हून अधिक वेळा म्हणाला, तेव्हा बोलायला खूप ऑक्सिजन लागतो, असंच त्याला ऐकवलं गेलं. हे साफ चूक आहे.

बाहेर पडणाऱ्या हवेनं स्वरतंतू थरथरले की आवाज निघतो, आणि त्याला थोडीशी हवा पुरते. साध्या श्वासात प्रौढ माणूस सुमारे ५०० मिलिलिटर हवा घेतो. त्यातली साधारण १५० श्वासमार्गातच राहते, रक्तापर्यंत पोचतच नाही. पालथ्या माणसाच्या पाठीवर वजन आलं की छाती फुलत नाही, पोटालाही जागा उरत नाही आणि श्वास उथळ होत जातो. शब्द फुटतात, ऑक्सिजन मात्र कमी पडतो. मग तो हवेसाठी धडपडतो, ती धडपड प्रतिकार समजली जाते आणि दाब आणखी वाढतो. सगळ्यात घातक भाग हाच.

बेड्या घातल्या की माणसाला लगेच पोटावरून हलवा, असं अमेरिकेच्या न्याय विभागानं १९९५ मध्येच सांगितलं होतं. फ्लॉइडच्या हातांत बेड्या आधीपासून होत्या. तरीही त्याच्या मानेवरचा पोलिसाचा गुडघा नऊ मिनिटांहून जास्त वेळ तसाच राहिला.