मैदानाच्या कडेला उभ्या राहणाऱ्या आई-वडिलांसाठी

पालकहो, नमस्कार.

लेकराचं मन खेळात टिकावं म्हणून घरच्यांनी काय करावं आणि काय टाळावं, ही एकच गोष्ट आमच्या खो-खोच्या वर्गात गेल्या वर्षभरात आम्ही इतक्या जणांना समजावून सांगितली की शेवटी ती छापून हातात द्यायची ठरवली. प्रवेशाच्या फॉर्मसोबत हा कागद मिळेल. घरी निवांत वाचा, आणि लेकराला मैदानावर सोडायला येणारे आजोबा किंवा मामा असतील तर त्यांनाही वाचायला द्या.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. आपल्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं आणि त्यानंतर आमच्याकडे चौकशीला येणाऱ्यांची संख्या वाढली. धाराशिवकरांना खो-खोचं कौतुक पहिल्यापासूनच आहे. २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळवणारी सारिका काळे इथलीच. त्यामुळे खेळ काय असतो हे तुम्हाला सांगायला नको. अडचण पुढे येते. मोठ्या हौसेनं आलेलं लेकरू दीड-दोन महिन्यांत पोट दुखतंय म्हणायला लागतं आणि घरचे आम्हाला विचारतात, "सर, याचं मन का लागंना?"

मन न लागण्याची कारणं बरीच असतात. पण आमच्या मैदानावर सगळ्यात जास्त वेळा दिसलेलं कारण कडेला, चुन्याच्या रेषेला पाय लावून उभं असतं.

खो-खो हा कानानं खेळायचा खेळ आहे, हे आधी लक्षात घ्या. पाटीत, म्हणजे मैदानाच्या मधोमध आखलेल्या बसायच्या जागेत, बसलेल्या गड्याचं तोंड एका बाजूला, शेजारच्याचं दुसऱ्या बाजूला. मागून येणारा साथीदार पाठीला हात लावून "खो" म्हणतो, तेव्हाच उठायचं. त्याआधी उठलं की फाऊल, आणि फाऊल झाला की पाठलाग करणाऱ्याला उलट दिशेला वळावं लागतं. हाताशी आलेला गडी सुटतो. म्हणजे बसलेल्या लेकराचं अर्धं काम पाठीमागचा एक आवाज ओळखण्याचं असतं. आता कडेवरून चार जण ओरडतायत, "ऊठ की गं!", "पळ पळ पळ!", "तिकडं बघ, काय करायलीस?" त्यात खरा खो कुठला, हे दहा वर्षांच्या पोरीनं कसं ओळखायचं?

पावसाळ्यानंतरच्या एका बॅचमधली गोष्ट. पाचवीतली एक मुलगी तिसऱ्या पाटीत बसायची. उठण्यात चपळ, खो दिल्यावर जागेवर बसायलाही चपळ. तिची आई रोज कडेला उभी राहून जिवाच्या आकांतानं शिकवायची. मायेनंच शिकवायची, त्यात शंका नाही. एका शनिवारच्या सामन्यात आईचं "ऊठ!" ऐकून ती तीन वेळा आधीच उठली. तीन फाऊल. चौथ्या वेळी खरा खो मिळाला तेव्हा ती उठलीच नाही; मान वळवून आईकडं बघत राहिली. सगळी साखळी तिथं तुटली. सामना संपल्यावर ती रडली नाही, नुसती पायाच्या अंगठ्यानं माती उकरत उभी राहिली. आम्हाला ते रडण्यापेक्षा जास्त लागलं. पुढचे तीन आठवडे आमचं शिकवणं बाजूला ठेवून फक्त आईकडं बघायची सवय मोडण्यात गेले. तेवढ्या दिवसांत ती खांबावरचा सूर, म्हणजे खांबाजवळ झेपावून गडी बाद करणं, शिकली असती.

आता तुमच्यासाठी मैदानाच्या उत्तर बाजूला कडुनिंबाखाली बाकं टाकली आहेत. सरावाच्या वेळी पालकांनी तिथंच बसायचं. टाळ्या हव्या तेवढ्या वाजवा, दोन्ही बाजूंसाठी वाजवा. सूचना मात्र एकही नको. काही पालकांना हा नियम जाचक वाटतो. "फी आम्ही भरतो आणि आम्हालाच लांब बसवता," असं आम्हाला तोंडावर सांगितलेलं आहे. त्यांचं आम्ही शांतपणे ऐकून घेतो, पण नियम तोच ठेवतो, कारण बाकं टाकल्यापासून दोन महिन्यांत सोडून जाणारी लेकरं कमी झाली, हे आमच्या हजेरीच्या वहीत दिसतंय.

लेकराचं मन उडण्याची दुसरी जागा गाडीची. मैदानावरून घरी जाताना मोटारसायकलवर पुढं टाकीवर किंवा मागं बसलेलं लेकरू अजून धापा टाकत असतं आणि वडील विचारतात, "आज किती गडी बाद केलेस?" प्रश्न साधा आहे, पण रोज तोच विचारला की लेकराला हिशेब कळतो: गडी बाद झाले तर घरात आपलं कौतुक, नाही झाले तर गप्प जेवण. त्याऐवजी काय विचारायचं, असं बरेच जण विचारतात. काहीच नाही विचारलं तरी चालतं. रसवंतीवर थांबा, उसाचा रस घ्या. त्याला सांगावंसं वाटलं तर ते आपणहून सांगेल, आणि सांगेल ते तुमच्या प्रश्नाच्या उत्तरापेक्षा बरंच मोठं असेल.

बक्षिसाचंही असंच. "मेडल आणलंस तर मोबाईल घेऊन देतो" हे वाक्य आमच्या कानावर आठवड्यातून एकदा तरी पडतं. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तीन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला. चित्रं काढायची आवड असलेल्या काही मुलांना आधीच सांगितलं की चित्र काढलंस तर छान प्रमाणपत्र मिळेल. मिळालंही. पण नंतर मोकळ्या वेळेत ती मुलं पहिल्यापेक्षा कमी चित्रं काढायला लागली. ज्यांना काही कबूल केलं नव्हतं, त्यांची आवड तशीच राहिली. खेळ हेच लेकराचं बक्षीस आहे. त्याच्यावर दुसरं बक्षीस बांधलं की पहिलं पातळ होतं. जिंकून आल्यावर अचानक श्रीखंड आणलंत तर आमची काही हरकत नाही. आधी सौदा करू नका, एवढंच.

आता आमच्या बाजूचं. आम्ही कसं शिकवतो यावरही प्रश्न येतात, त्यातले काही रास्त आहेत.

"दुसरीकडं शिक्षा म्हणून दहा फेऱ्या मारायला लावतात, तुम्ही का लावत नाही?" कारण पळणं हाच आमचा खेळ आहे. शिक्षा म्हणून पळायला लावलं की लेकराच्या डोक्यात पळणं म्हणजे शिक्षा असं बसतं. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातला अविनाश साबळे ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये (अडथळ्यांच्या शर्यतीत) २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक घेऊन आला. लहानपणी शाळेला पायी आणि पळत जायचा. पळण्याचा राग आलेलं लेकरू तिथवर पोचत नसतं.

"लहान पोरांना एवढ्या छोट्या मैदानावर का खेळवता?" पूर्ण मैदानावर आठ जण बसतात आणि एक पळतो. नव्या लेकराच्या वाट्याला दहा मिनिटांत कसाबसा एक खो येतो, बाकी वेळ मुंग्या मोजणं. म्हणून दहा वर्षांखालच्यांना आम्ही तीन-चार पाट्यांचं लहान मैदान आखून देतो. दर मिनिटाला उठबस, दर मिनिटाला पळापळ. घरी जाताना अंग घामानं निथळत असेल तर समजा आमचं काम झालं.

"सर, शाब्बास म्हणत नाहीत," अशीही तक्रार आहे. म्हणतो, पण नुसतं नाही. "खो देऊन लगेच बसलीस, पाय रेषेत ठेवलेस, छान" असं म्हणतो. काय बरोबर केलं ते कळलं तर उद्या पुन्हा करता येतं. चूक झाली तर आधी काय जमलं ते, मग पुढच्या वेळी काय करायचं ते. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठातल्या रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मॉल यांनी लहान मुलांच्या बेसबॉल प्रशिक्षकांना अशा बोलण्याचं थोडंसं प्रशिक्षण दिलं. १९९२ मध्ये छापून आलेल्या त्यांच्या अभ्यासात, प्रशिक्षण न घेतलेल्यांकडची शंभरातली २६ मुलं पुढच्या हंगामात खेळ सोडून गेली. प्रशिक्षण घेतलेल्यांकडची फक्त ५. आणि दोन्हीकडचे संघ जिंकले सारखेच. बोलण्याची पद्धत बदलल्यानं जिंकणं कमी होत नाही, हे ज्यांना पटत नाही त्यांना आम्ही नेहमी हाच दाखला देतो.

शनिवारच्या सामन्यात सगळ्यांना खेळवतो, यावरून मात्र खरी भांडणं होतात. ज्याचं लेकरू चांगलं खेळतं त्याला वाटतं, कच्च्या पोरामुळं आपली तुकडी हरली. बारा वर्षांपर्यंत आम्ही निवडीचा संघच करत नाही. या वयात कोण उंचीनं आधी वाढलंय आणि कोणाचं वाढणं अजून बाकी आहे, एवढंच बहुतेक वेळा दिसत असतं. चौदा वर्षांखालच्या शालेय जिल्हा स्पर्धा आल्या की निवड आपोआप होते, त्या तयारीची वेगळी बॅच आहे. दहावी-बारावीचे वाढीव गुण, शासकीय नोकरीतलं पाच टक्के खेळाडू आरक्षण, यासाठी लागणारी कागदपत्रं आम्ही समजावून सांगतो. पण तो विषय सातवी-आठवीनंतरचा. तिसरीतल्या पोराला त्यासाठी आणू नका.

परीक्षेच्या काळात एकदम बंद करण्यापेक्षा आठवड्यातून दोन दिवस पाठवा. आमच्या भागात शिकवण्यांचं वेळापत्रक कसं असतं ते आम्हाला माहीत आहे, म्हणूनच सकाळी सहाची बॅच ठेवली आहे. महिनाभर बंद केलेलं लेकरू परत येतं तेव्हा त्याच्या पाटीत दुसरं कुणीतरी बसलेलं असतं, आणि त्याला तेच जास्त खुपतं.

फी तीन महिन्यांची एकदम घेतो, त्याचंही कारण सांगून टाकतो. पहिल्या महिन्यात गुडघे सोलवटतात, पायाच्या पोटऱ्या दुखतात, नवे मित्र अजून झालेले नसतात. त्या महिन्याच्या शेवटी "नको जाऊ दे" म्हणणं सोपं असतं. तिसऱ्या महिन्यात तेच लेकरू तुमच्या आधी उठून बूट शोधत असतं. शिवाय उन्हाळ्यात मैदानावर मुरुमावरची माती उडू नये, कडक होऊ नये म्हणून टँकरनं पाणी मारावं लागतं. सूर मारायचा तर जमीन ओली लागते. दोन भावंडं असतील तर दुसऱ्याची फी अर्धी. शेतकरी कुटुंबातल्या पालकांनी सुगीनंतर भरली तरी चालेल, फक्त आधी सांगा.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी साडेसातला मैदान सगळ्यांसाठी खुलं असतं. त्या दिवशी पालकांना आम्ही पाटीत बसवतो आणि तुमची लेकरं कडेला उभी राहून तुम्हाला सूचना देतात. मागच्या वेळी एका वडिलांनी उठताना दोनदा चूक केली आणि नंतर आमच्याकडं येऊन म्हणाले, "सर, कानात काहीच शिरंना हो, सगळेच ओरडायलेत." त्यानंतर ते कडुनिंबाखालीच बसतात.

पहिल्या दिवशी येताना पाण्याची बाटली, जाड कापडाची गुडघ्याखाली जाणारी पँट आणि टोपी आणा. हाताची नखं कापलेली असावीत. खो देताना समोरच्याच्या पाठीवर ओरखडा उमटतो.