रुपया आणि येन यांचा विनिमय दर

भारताचा रुपया नि जपानचा येन यांची एकमेकांतली किंमत म्हणजे रुपया-येन विनिमय दर. डॉलर, पौंड, युरोचा भाव एकाला किती रुपये असा सांगतात पण येनचा मात्र 100 येनला किती रुपये असा सांगतात, कारण एक येन आज रुपयापेक्षाही कमी किमतीचा आहे. कोल्हापुरात शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या एमआयडीसीत जपानी सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी) मशीन घेणारे कारखानदार आणि तिकडं इचलकरंजीत जपानी एअरजेट (हवेच्या झोतानं धागा टाकणारे) माग बसवणारे या भावावर डोळा ठेवून असतात. बाकी सगळे फक्त डॉलर बघतात, आणि डॉलर बघून येनचा अंदाज बांधला की हिशोब हमखास चुकतो.

मुळात रुपया आणि येन बाजारात थेट समोरासमोर फारसे येतच नाहीत, मध्ये डॉलर असतो. डॉलर किती रुपयांना आणि डॉलर किती येनला हे दोन आकडे घ्यायचे नि भागाकार करायचा. जुलै 2024 च्या सुरुवातीला डॉलर साधारण 83.5 रुपये आणि 161 येन होता, म्हणजे 100 येनला 52 रुपयांच्या आसपास. त्यामुळं हा दर हलला की आधी विचारायचं, रुपया हलला का येन हलला?

दुसऱ्या महायुद्धाच्या आधी चित्र एकदम उलटं होतं, येन रुपयापेक्षा महाग होता. जपाननं 1897 ला सोन्याचं प्रमाण धरलं, म्हणजे येनची किंमत ठराविक सोन्याला बांधली, तेव्हा येन साधारण साडेचोवीस ब्रिटिश पेन्सचा आणि आपला रुपया 16 पेन्सचा, म्हणजे 100 येनला 153 रुपये पडायचे. 1927 ला रुपया 18 पेन्सला बांधला, भाव 137 च्या घरात आला. मग डिसेंबर 1931 मध्ये जपाननं सोनं सोडलं आणि येन असा घसरला की 1933 पर्यंत तो 14 पेन्सवर येऊन टेकला, म्हणजे 100 येनला फक्त 78 रुपये. याचा परिणाम बघा, जपानी कापड इथं मातीमोल भावानं यायला लागलं, गिरण्या ओरडायला लागल्या, जून 1933 मध्ये सरकारनं ब्रिटिश सोडून बाकीच्या परदेशी सुती कापडावर 75 टक्के जकात लावली, तर जपानी गिरण्यांनी भारताचा कापूस घेणंच बंद केलं, शेवटी 1934 मध्ये दोन्हीकडून करार झाला. इचलकरंजीत 1904 लाच यंत्रमाग आला होता, त्यामुळं कापडाच्या भावाचा विषय आपल्या भागाला काही नवा नव्हता.

युद्धात येनची पार वाट लागली. 25 एप्रिल 1949 ला तो डॉलरला 360 वर बांधला गेला. तेव्हा डॉलर सव्वातीन-साडेतीनच्या मधे, 3.31 रुपयांना होता, म्हणजे एका रुपयाला जवळजवळ 109 येन! पण हे पाचच महिने टिकलं, सप्टेंबर 1949 मध्ये पौंडाबरोबर रुपयाचंही अवमूल्यन झालं, डॉलर 4.76 झाला आणि रुपया 75.6 येनवर आला. तो तिथं जवळजवळ 17 वर्षं राहिला. जून 1966 च्या अवमूल्यनात डॉलर 7.50 रुपये झाला आणि रुपया बरोबर 48 येनवर. इथपर्यंतची सगळी घसरण रुपयाची, येन जागचा हललाच नव्हता, हे लक्षात घ्यायला पाहिजे.

1971 नंतर येन हलायला लागला. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी डॉलरचा सोन्याशी संबंध तोडला, त्या डिसेंबरात येन डॉलरला 308 वर आला आणि 1973 पासून तो बाजारावर सोडला गेला. सगळ्यात मोठा झटका सप्टेंबर 1985 चा, न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात पाच मोठ्या देशांनी डॉलर उतरवायचं ठरवलं, त्याआधी 240 च्या आसपास असलेला डॉलर तीनेक वर्षांत 125 येनवर आला. रुपया याच काळात डॉलरसमोर थोडाच घसरला, तरी येनमध्ये तो 20 वरून 9 वर आला. जुलै 1991 चं आपलं अवमूल्यन सगळ्यांना पाठ आहे, पण येनच्या बाबतीत 1985 नं त्याच्यापेक्षा जास्त फरक पाडला, आणि त्याच्याबद्दल आपल्याकडं कुणी बोलत नाही याचं वाईट वाटतं. एप्रिल 1995 मध्ये रुपया अडीच येन, आणि 2012 च्या मध्याला तर 1.4 येन. 1949 पासूनचा हिशोब मांडला तर तोपर्यंत डॉलर रुपयात सतरापट महाग झाला होता आणि येन डॉलरसमोर साडेचारपट वर गेला होता, दोन्हीचा गुणाकार होऊन 109 चे 1.4 झाले.

त्यानंतर वारं फिरलं. एप्रिल 2013 पासून बँक ऑफ जपाननं, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेनं, प्रचंड पैसा बाजारात ओतला, येन पडला. 2012 च्या मध्याला 100 येनला 70 रुपये होते ते 2015 च्या मध्याला 52 झाले, आणि या काळात डॉलर तर 57 वरून 63 च्या पुढं गेला होता. म्हणजे एक कोटी येनचं मशीन, जपान्यांनी किंमत तीच ठेवली असेल तर, 70 लाखांवरून 52 लाखांवर आलं, जकात-वाहतूक वेगळी. डॉलर वाढलाय म्हणून ऑर्डर लांबवणाऱ्यानं इथं चांगली संधी घालवली असणार.

म्हणून मशीनचं कोटेशन येनमध्ये असेल तर एलसी (विकणाऱ्याला पैसे मिळतील याची बँकेची हमी) उघडताना येनचाच फॉरवर्ड कव्हर घ्यायचा, म्हणजे पुढच्या तारखेचा दर बँकेशी आजच ठरवून ठेवायचा, डॉलरचा घेऊन उपयोग नाही. सरकारलाही हेच लागू होतं. जपाननं पहिलं येन कर्ज 1958 ला भारतालाच दिलं होतं, आणि मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचं कर्जही येनमध्येच आहे, व्याज 0.1 टक्का आणि मुदत 50 वर्षं. व्याज नगण्य आहे खरं, पण परतफेड येनमध्ये, त्यामुळं ते कर्ज शेवटी किती रुपयांना पडणार हे त्या 50 वर्षांतल्या दरावर ठरणार.